फुलांचे रूप बिघडते तेव्हा...

प्रतिनिधी

गच्चीवरच्या कुंडीतील सदाफुली वर्षभर गुलाबी फुलांनी डवरलेली असते. पावसाळा सरता सरता मात्र तिच्या शेंड्याकडे काहीतरी वेगळेच दिसू लागते. फुले येतात, पाकळ्याही पाचच असतात. पण त्यांचा रंग हिरवा आणि स्पर्श पानासारखा. काही दिवसांत त्या फुलांच्या मधोमध बारीक पानांचा झुबका फुटतो आणि फांदी खुरटते. शेजारच्या कुंडीत गुलाबाच्या उमललेल्या फुलातून चक्क दुसरी कळी वर आलेली असते. पलीकडे जास्वंदीच्या कळ्या न उमलताच आक्रसून गळून पडतात.

घरात मग चर्चा सुरू होते. कुणाला खत कमी पडल्याची शंका येते, कुणाला पाण्यात दोष दिसतो, तर एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या मनात शकुन-अपशकुनाचा विचार डोकावतो. निर्णय दोनच टोकांचे होतात. एक तर झाड मुळासकट उपटून फेकले जाते किंवा जवळच्या दुकानातून मिळेल ते औषध आणून त्यावर फवारले जाते. वरील तीन उदाहरणांपैकी एक झाड खरोखरच काढून टाकण्याजोगे आहे, दुसऱ्याला काहीही झालेले नाही, तर तिसरे थोड्या मेहनतीने वाचू शकते. कोणते झाड कोणत्या गटातले, हे ओळखायचे असेल तर फुलांमधील विकृतींमागची कारणे समजून घ्यायला हवीत.

एका छायाचित्राची गोष्ट

जपानमधील फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात मार्च २०११ मध्ये दुर्घटना घडली. त्यानंतर चार वर्षांनी, २०१५ च्या उन्हाळ्यात, एक छायाचित्र इंटरनेटवरून जगभर पसरले. प्रकल्पापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नासुशिओबारा शहरातील ती डेझीची फुले होती. दोन फुले एकमेकांना चिकटलेली, मधला पिवळा भाग गोल असण्याऐवजी पट्टीसारखा लांबलेला आणि देठ चपटे. किरणोत्सर्गामुळे निसर्ग बिघडल्याचा हा पुरावा आहे, असे अनेकांनी मानले.

वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र ते दृश्य नवे नव्हते. या प्रकाराला 'फॅसिएशन' असे म्हणतात. पट्टी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असून, अणुयुग सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून अशा फुलांच्या नोंदी आहेत. किरणोत्सर्गाने जनुकांत बदल होऊ शकतात, हे खरे. परंतु फॅसिएशन होण्यासाठी त्याची गरज नसते. जगातल्या कोणत्याही बागेत, कोणत्याही वर्षी असे फूल दिसू शकते. त्यामुळे एका छायाचित्रावरून कारण ठरवता येत नाही.

फॅसिएशन होते कसे? प्रत्येक फांदीच्या टोकाशी सतत विभाजन पावणाऱ्या पेशींचा एक सूक्ष्म, घुमटासारखा पुंजका असतो. पाने, फांद्या, फुले सारे काही यातूनच घडते. हा पुंजका किती मोठा असावा, यावर जनुकांचे नियंत्रण असते. पेशींची संख्या वाढवणारे जनुक आणि तिला आवर घालणारी जनुके यांचा तोल सांभाळला जातो. तो तोल ढळला, की टोक बिंदूसारखे न राहता रेषेसारखे पसरते. मग खोड चपटे होते आणि त्यावरचे फूलही पंख्यासारखे किंवा जोडफुलासारखे दिसते. कोवळ्या शेंड्याला झालेली इजा, कीटकांचा उपद्रव, थंडीचा तडाखा, काही जिवाणू किंवा जनुकातील बदल यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. एखाद्याच फांदीवर एखादेच असे फूल आले, तर पुढच्या बहरात ते झाड बहुधा पूर्ववत फुलते.

विकृती, पण बाजारात मागणी असलेली

या विकृतीशी आपली जुनीच ओळख आहे. फुलबाजारात मखमली, लालभडक, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसणारे 'कोंबडा' नावाचे फूल आपण हौसेने विकत घेतो. ते फॅसिएशनचेच उदाहरण आहे. राजगिऱ्याच्या कुळातील या वनस्पतीत चपट्या शेंड्याचा गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. माणसाने तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपला आणि जे एरवी विचित्र ठरले असते, ते शोभेचे फूल झाले. नर्सरीत चढ्या भावाने विकले जाणारे, मेंदूसारख्या वळ्या असलेले निवडुंगही याच प्रकारातले.

इतकेच नव्हे, तर स्वयंपाकघरातील मोठा, अनेक कप्प्यांचा टोमॅटोदेखील याच प्रक्रियेचे देणे आहे. रानटी टोमॅटोचे फळ लहान आणि बहुधा दोन कप्प्यांचे असते. वाढत्या टोकाचा आकार ठरवणाऱ्या जनुकांत बदल झालेली रोपे शेतकऱ्यांनी निवडली आणि फळ मोठे होत गेले. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या ज्या सात गुणांचा अभ्यास मांडला, त्यात खोडावरील फुलांची जागा हा एक होता. शेंड्याशी गुच्छाने फुले येणारी त्यांची झाडे म्हणजे फॅसिएशन झालेली झाडेच होती. त्यामागील जनुकाचा उलगडा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झाला.

फूल म्हणजे बदललेली पाने

गुलाबाच्या फुलातून दुसरी कळी किंवा पानांची फांदी वर येणे, हा प्रकार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका महाकवीने बारकाईने अभ्यासला होता. जर्मन कवी गटे यांनी १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. फुलातून पुन्हा फांदी फुटलेल्या गुलाबाचे आणि कार्नेशनचे वर्णन त्यात आहे. अशा 'बिघडलेल्या' फुलांवरून त्यांनी एक मोठा निष्कर्ष काढला. पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर हे सारे अवयव म्हणजे एकाच मूळ अवयवाची, पानाची, वेगवेगळी रूपे आहेत, असे त्यांनी मांडले.

या विचाराला जनुकीय आधार मिळायला दोन शतके लागली. फुलात बाहेरून आत अशी चार मंडले असतात. निदलपुंज, दलपुंज म्हणजे पाकळ्या, पुमंग आणि जायांग. ब्रिटनमधील एन्रिको कोएन आणि अमेरिकेतील इलियट मेयरोविट्झ यांनी १९९१ मध्ये या मंडलांच्या घडणीचे सूत्र मांडले. जनुकांच्या तीन गटांना त्यांनी 'ए', 'बी' आणि 'सी' अशी नावे दिली. एकटा 'ए' कार्यरत असेल तर निदल तयार होते. 'ए' आणि 'बी' मिळून पाकळी घडते, 'बी' आणि 'सी' मिळून पुंकेसर, तर एकट्या 'सी'मुळे स्त्रीकेसर. मोहरीच्या कुळातील एका लहानशा वनस्पतीत हे तिन्ही गट निकामी केले असता फुलाच्या जागी पानांसारखे अवयव आले. गटे यांचा तर्क ढोबळमानाने बरोबर होता.

एकदा हे सूत्र समजले, की बागेतील अनेक कोडी सुटतात. 'सी' गटाचे काम फुलाच्या मध्यापुरते आक्रसले, तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. आपण ज्याला 'डबल' फूल म्हणतो, ते हेच. भरगच्च गुलाब किंवा डबल जास्वंद हे सारे वनस्पतीच्या दृष्टीने पाहिल्यास प्रजननाचे अवयव गमावलेले फूल आहे. डबल जास्वंदीचे फूल उलगडून पाहिले, तर अर्धे पुंकेसर आणि अर्धी पाकळी असे मधल्या अवस्थेतील अवयवही सापडतात. एम्प्रेस गार्डनसारख्या पुष्पप्रदर्शनांत ज्या टपोऱ्या गुलाबांभोवती गर्दी होते, त्यांच्या सौंदर्याच्या मुळाशी अशीच एक 'चूक' आहे. हिरवा गुलाब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चिनी वाणात तर पाकळ्यांच्या जागी हिरवी, दातेरी निदलेच येतात. तो रोग नाही. छाटकलमातून तो गुण तसाच पुढे जातो.

गुलाबाच्या फुलातून कळी येण्यामागे मात्र बहुतेक वेळा हवामान असते. फूल उमलण्याच्या काही आठवडे आधीच कळीच्या आत त्याची रचना ठरत असते. त्या नाजूक काळात तापमानात मोठे चढउतार झाले, तर फूल पूर्ण करून थांबण्याचा संदेश नीट पोहोचत नाही आणि शेंडा वाढतच राहतो. म्हणजे आज दिसणारी विकृती ही आजच्या नव्हे, तर काही आठवड्यांपूर्वीच्या हवेची खूण असते. काही वाणांत ही प्रवृत्ती अधिक असते. असे फूल छाटून टाकावे, एवढाच त्यावर उपाय. औषधाची गरज नाही.

लिनियसला चक्रावून टाकणारे फूल

स्वीडनमध्ये १७४२ साली एका विद्यार्थ्याला लिनारिया या रानफुलाचे एक आगळे झाड सापडले. लिनारियाच्या फुलाला वरचा-खालचा ओठ आणि मागे एकच शेपटी असते. या झाडाची फुले मात्र सर्व बाजूंनी सारखी, नळीसारखी आणि पाच शेपट्यांची होती. वनस्पतींच्या वर्गीकरणाचे जनक कार्ल लिनियस हे फूल पाहून चकित झाले. एका जातीच्या वनस्पतीतून इतके भिन्न फूल येते, म्हणजे जाती अढळ आहेत या समजालाच धक्का होता. राक्षस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला 'पेलोरिया' हे नाव दिले.

या कोड्याचे उत्तर १९९९ मध्ये मिळाले आणि तेही अनपेक्षित होते. अशा फुलांत संबंधित जनुकाच्या अक्षरक्रमात फरक नव्हताच. त्या जनुकावर मिथिल या रासायनिक गटाचे आवरण चढल्यामुळे ते मुके झाले होते. क्वचित एखाद्या फांदीवर ते आवरण उतरते आणि फुले पुन्हा नेहमीसारखी येतात. जनुक न बदलताही रूप बदलू शकते, याचे हे उत्तम उदाहरण ठरले.

सदाफुलीचा खरा शत्रू

आता पुन्हा गच्चीवरच्या सदाफुलीकडे वळू. फुलांची पाने होणे, या विकृतीला 'फायलोडी' म्हणतात. हिरव्या गुलाबात ती जन्मजात असते. पण सदाफुली, झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, जरबेरा यांच्यात ती अचानक दिसू लागली, तर संशय फायटोप्लाझ्माचा धरावा. फायटोप्लाझ्मा हे पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू आहेत. झाडात अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांत ते राहतात. जपानी संशोधकांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा शोध लावेपर्यंत हे रोग विषाणूंमुळे होतात, असेच मानले जात होते. शेतकऱ्यांना ते परिचित आहेत. वांग्यावरील पर्णगुच्छ आणि तिळावरील फायलोडी ही त्यांचीच करणी. तिळाच्या झाडावर बोंडांऐवजी हिरवा झुबका आला, की त्या झाडाचे उत्पन्न बुडालेच.

या जिवाणूंचा प्रसार तुडतुडे करतात. रोगट झाडाचा रस शोषलेला तुडतुडा काही दिवसांनी दुसऱ्या झाडावर बसला, की रोग तिथे पोहोचतो. अमरवेल आणि रोगट झाडापासून केलेली कलमे हेही प्रसाराचे मार्ग आहेत.

फायटोप्लाझ्मा फुलाचे पान कसे करतो, याचा उलगडा गेल्या काही वर्षांत झाला आहे. तो एक प्रथिन तयार करतो. हे प्रथिन फूल घडवणाऱ्या प्रथिनांना पकडून झाडाच्याच 'कचरा विल्हेवाट' यंत्रणेकडे सोपवते. फूल घडवण्याचे आदेश नष्ट झाले, की कळी पुन्हा पानांच्या मार्गाला लागते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेही आढळले, की हे प्रथिन असलेल्या झाडांकडे तुडतुडे अधिक आकृष्ट होतात आणि तेथे अधिक अंडी घालतात. झाड जिवंत असते, हिरवेही असते. पण फुले-बिया धरण्याऐवजी जिवाणूच्या आणि त्याला वाहून नेणाऱ्या कीटकाच्या सोयीसाठी राबू लागते.

अशा झाडावर घरगुती इलाज नाही. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांनी लक्षणे काही काळ दबतात, पण रोग समूळ जात नाही. शिवाय शोभेच्या झाडांसाठी प्रतिजैविके वापरणे शहाणपणाचेही नाही. झाड उपटून, पिशवीत बंद करून टाकून देणे हाच मार्ग. मन घट्ट करून तो स्वीकारावा लागतो. कारण एक कुंडी वाचवण्याच्या नादात आपल्या आणि शेजारच्या गच्चीवरील इतर झाडे धोक्यात येतात.

गंमत अशी, की याच जिवाणूला माणसाने एका ठिकाणी कामालाही लावले आहे. नाताळच्या सुमारास बाजारात दिसणारी पॉइनसेटियाची ठेंगणी, भरपूर फांद्यांची कुंडी पाहा. मूळ झाड उंच आणि मोजक्या फांद्यांचे असते. कुंडीतील झाडाला फुटणाऱ्या दाट फांद्या हा निरुपद्रवी ठरलेल्या एका फायटोप्लाझ्माचा परिणाम आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले.

ट्युलिपच्या पाकळ्यांवरील ज्वालांसारखे पट्टे हेही असेच रोगाचे देणे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये अशा कंदांना वेड्यासारख्या किमती आल्या आणि १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. मावा या किडीमार्फत पसरणारा विषाणू त्यामागे असल्याचे इंग्लंडमधील डोरोथी केली यांच्या १९२८ मधील प्रयोगांतून पुढे आले.

आंब्याच्या मोहोराची विकृती

फुलातील विकृती केवळ शोभेपुरती मर्यादित नसते. आंब्याचा मोहोर कधी कधी लांब तुऱ्यासारखा न येता जाड, आखूड आणि गच्च गुच्छासारखा येतो. त्यात फुले भरमसाट असतात, पण फळ धरत नाही. वाळलेले काळे गुच्छ महिनोन्‌महिने झाडावर लोंबत राहतात. बिहारमधील दरभंगा येथे १८९१ मध्ये या विकृतीची पहिली नोंद झाली. उत्तर भारतातील आंबा बागायतदारांना तिचा मोठा फटका बसतो. कोकणात तिचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. पोषणातील उणीव, कोळी, विषाणू अशी अनेक कारणे वर्षानुवर्षे पुढे केली गेली. अखेर फ्युजेरियम वर्गातील बुरशीवर दोष निश्चित झाला. कोळी ही कीड बुरशीचे बीजाणू कळ्यांपर्यंत नेण्यास हातभार लावते. विकृत गुच्छ खालच्या निरोगी फांदीच्या थोड्या भागासह कापून जाळणे आणि अशा झाडाच्या काड्या कलमासाठी न वापरणे, हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

कीड, तणनाशके आणि रस्त्यावरचा दिवा

शहरातील बागेत रोजच्या तक्रारींचे मूळ बहुधा अधिक साधे असते. गुलाबाच्या कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या अर्धवट उमलत असतील, तर फुलकिडे असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या कागदावर फूल झटकले, की सुईच्या टोकाएवढे लांबट किडे पळताना दिसतात. जरबेराच्या पाकळ्या एका बाजूला आखूड आणि वेड्यावाकड्या असतील, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांकडे लक्ष द्यावे. जास्वंदीचा शेंडा गोळा होऊन कळ्या आक्रसत असतील, तर पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडतोच. त्याच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे शेंड्याची वाढ विकृत होते. अशा वेळी प्रादुर्भाव झालेला शेंडा कापावा, बाकीचे झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे आणि गरज पडल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी. मुंग्यांची रांग दिसत असेल, तर तीही रोखावी. गोड चिकट द्रवाच्या लोभाने मुंग्या या किडीचे रक्षण करतात.

दुसरे कारण तणनाशकांचे. सोसायटीच्या आवारातील गवत मारण्यासाठी फवारलेले औषध वाऱ्याने कुंड्यांपर्यंत येते. 'टू-फोर-डी'सारखी तणनाशके वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. त्यामुळे देठ पिळवटतात आणि फुले वेडीवाकडी होतात. ग्लायफोसेटचा अंश गुलाबात गेला, तर पुढच्या फुटीत दोरीसारखी अरुंद पाने येतात. तणनाशकासाठी वापरलेला पंप केवळ विसळून बागेसाठी वापरणे हे म्हणूनच धोक्याचे. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये अनेक हौशी बागाईतदारांची झाडे शेणखत घातल्यावर वेडीवाकडी वाढू लागली. जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर फवारलेले तणनाशक शेणातून खतापर्यंत टिकून राहिले होते.

तिसरे कारण उजेडाचे. शेवंती आणि पॉइनसेटिया यांना फुलण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. कुंडीवर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश पडत असेल, तर कळ्या उशिरा येतात किंवा धरूनही नीट वाढत नाहीत. खत बदलून उपयोग नाही. कुंडीची जागा बदलावी लागते.

हे लक्षात ठेवा

* एखादेच फूल चपटे, जोड किंवा वेगळ्या आकाराचे आले, तर घाबरू नये. पुढच्या बहराची वाट पाहावी.

* एका झाडावरील सर्व फुले हिरवी होत असतील, पाने बारीक होऊन झुबके येत असतील, तर ते झाड वेगळे ठेवावे. लक्षणे वाढली तर ते उपटून टाकावे. त्याच्या फांद्या लावू नयेत आणि कुणाला देऊही नयेत.

* निरनिराळ्या जातींच्या अनेक झाडांवर एकाच वेळी विकृती दिसली, तर रोगापेक्षा तणनाशक, दूषित खत किंवा हवामान यांचा विचार आधी करावा.

* औषध आणण्यापूर्वी भिंग घेऊन कळीच्या आत आणि पानांच्या मागे पाहावे. कीड दिसली नाही, तर कीटकनाशक फवारू नये.

* रोगट फांदी कापल्यावर कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावावी.

* नर्सरीतून रोप घेताना केवळ उमललेल्या फुलांकडे न पाहता शेंड्याची कोवळी पाने तपासावीत.

तेव्हा उद्या सकाळी झारी घेऊन गच्चीवर जाल आणि गुलाबातून गुलाब उगवलेला दिसेल, तर तो घरातल्या मुलांना जरूर दाखवा. फूल हे मुळात पानांचेच रूप आहे, हा वनस्पतिशास्त्राचा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजेल. शेजारची सदाफुली मात्र हिरवी फुले घेऊन उभी असेल, तर तिच्याबाबत रेंगाळू नका. पहिली कुंडी जागेवरच राहू द्या. दुसरी त्याच दिवशी रिकामी करा.